.२२ स्पोर्ट्स पिस्तूल सारखं जाम होतंय : मॅगझिन, काडतूस की हात?

राजारामपुरी_बारावी_गल्ली

नमस्कार मंडळी. नेमबाजीवरचे जुने धागे चाळले, पण सगळे १० मीटर एअरचे. आमचं दुखणं वेगळं, म्हणून नवा धागा काढतोय.

धाकटी लेक एअर पिस्तुलावरून २५ मीटरला आली. पिस्तूल क्लबचं, .२२ एलआर (लाँग रायफल) काडतुसाचं, परदेशी बनावटीचं, पाच राउंडची मॅगझिन ट्रिगरच्या पुढं बसणारी. प्रिसिजनला, म्हणजे सावकाश नेम धरायच्या टप्प्याला, निभावून जातं. रॅपिडला, म्हणजे झटपट मारायच्या टप्प्याला, मात्र कुठंतरी अडकतंच. कधी नवी गोळी चेंबरच्या (नळीत गोळी बसते ती जागा) तोंडाशी वाकडी होऊन बसते, कधी रिकामी पुंगळी बोल्टमध्ये (मागंपुढं सरकणारा भाग) उभी सापडते. रेंजवर प्रत्येकाचं निदान वेगळं. एक म्हणतो तेल कमी, दुसरा म्हणतो तेल जास्त. एकानं तर "पोरींच्या मनगटात दम नसतो" असं सांगून टाकलं. तेव्हापासून पोरगी गप्प आहे, आणि मला ते पिस्तुलापेक्षा जास्त लागलंय.

स्पर्धा तोंडावर आलीय. सुरुवात कुठून करू?

खाऊगल्ली

मनगटाचं बोलणाऱ्याला राही सरनोबतचं नाव सांगा. २०१८ च्या एशियाडला पालेमबांगमध्ये २५ मीटर पिस्तूलचं सोनं शूटऑफ खेळून आणलं, ते कोल्हापूरच्याच मनगटानं. बाकी मला पिस्तुलातलं कळत नाही, मिसळीतलं विचारा. वाचतोय.

गडहिंग्लज_ईएमई

राजारामपुरीकर, फौजेत आर्मरर होतो, त्यामुळे जरा लांबण लावतो.

पहिली गोष्ट. जाम झालं की सगळे झटक्यात बोल्ट ओढतात आणि पुरावा खाली पाडतात. सरावात असं करू नका. नळी टार्गेटकडंच ठेवायची, बोट ट्रिगरवरून बाहेर, आणि आधी नुसतं बघायचं : काय, कुठं, कसं अडकलंय. मोबाइलवर फोटो दुसऱ्यानं काढायचा, पिस्तूल धरलेल्यानं नाही. तेल कमी की जास्त हा वाद त्या फोटोनंतर करा.

फोटोत काय बघायचं ते सांगतो. गोळीचं नाक रॅम्पला (चेंबरकडं चढणारा उतार) खाली टेकून थांबलं असेल तर मॅगझिन तिला पुरेशी वर उचलत नाही. स्प्रिंग मऊ पडली असेल, नाहीतर फॉलोअरच्या (गोळ्यांना खालून वर ढकलणारी पट्टी) वाटेत मेण आणि काजळी साठली असेल. उलट नाक चेंबरच्या वरच्या कडेला धडकलं असेल तर मॅगझिनचे ओठ (गोळी धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा) फाकलेत, गोळी लवकर सुटते आणि मागून उडी मारते. हे ओठ केसाएवढे फाकले तरी पुरतं. काँक्रीटवर एकदा मॅगझिन पडली की झालं, आणि क्लबच्या मॅगझिना किती हातांतून पडल्यात ते कोण सांगणार?

चेंबर रिकामं, बोल्ट बंद, आणि मॅगझिनमध्ये गोळ्या शिल्लक असतील तर बोल्ट पुरता मागं गेलाच नाही. पुढच्या गोळीच्या मागं पोचायच्या आतच परतला. पुंगळी उभी अडकणं बहुतेक वेळा त्याच घराण्यातलं, पण एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी चेंबरमधून ओढून काढणारा भाग) आकड्याखाली घाण असली तरी तसंच दिसतं. पुंगळी चेंबरमध्येच राहिली आणि नवी गोळी मागून येऊन धडकली तर मात्र आकडा आणि चेंबर हेच बघायचं.

शेवटचा प्रकार : गोळी आत गेलीय, पण बोल्ट किंचित उघडा. तिथं अंगठ्यानं बोल्ट ढकलायचा नाही म्हणजे नाही. .२२ चा बार (पेट घेणारा मसाला) काडतुसाच्या कडेतच भरलेला असतो, कड चेपली तर काय होईल त्याचा भरवसा नाही.

तुमच्या वर्णनात दोन वेगळे प्रकार आहेत. मला वाटतं आजारही दोन आहेत. एकाच औषधानं दोन्ही जातील असं धरून चालू नका.

पंचवीस_मीटर

काका, लेकीला सांगा मनगटाचं मनावर घेऊ नकोस. ब्लोबॅक पिस्तुलात (उडालेल्या गोळीच्या धक्क्यानंच बोल्ट मागं जातो अशा) हाताचा संबंध असतो, नाही असं नाही. पण किलोभर वजनाच्या स्पर्धेच्या पिस्तुलात तो सगळ्यात शेवटी तपासायचा. तपासायचाही सोपा मार्ग आहे : तेच पिस्तूल, तीच मॅगझिन, त्याच डब्यातल्या गोळ्या, आणि सरांना फायर करायला द्या. त्यांच्या हातातही अडकलं तर विषय संपला.

हाताचं एकच बघा. लाकडी ग्रिप दुसऱ्याच्या मापाची असेल तर अंगठा वर सरकून बोल्टला घासतो. माझ्याकडं हे झालेलं, अंगठ्यावर काळी रेघ उमटायची. ताकदीचा संबंध नाही, ग्रिप घासून घेतली की मिटतं.

आणि स्पर्धेत अडकलं तर काय करायचं हे तिला पाठ असू दे. रॅपिडला टार्गेट ३ सेकंद समोर, ७ सेकंद पाठमोरं, अशा पाच फेऱ्या. त्या घाईत हात आपोआप बोल्टकडं जातो. तिथंच गुण जातात. पिस्तूल टार्गेटच्या दिशेनं धरून ठेवायचं, मोकळा हात वर करायचा, रेंज ऑफिसरला बोलवायचं. त्यांनी बघायच्या आत बोल्टला किंवा सेफ्टीला हात लावला की ते मालफंक्शन ग्राह्य धरत नाहीत, मग दोष पिस्तुलाचा असला तरी. दुधाळीच्या रेंजवर चांगल्या चांगल्या पोरांना यात सिरीज घालवताना बघितलंय.

राजारामपुरी_बारावी_गल्ली

ताई, काका, दोघांचे आभार. सरांशी बोललो, ते फायर करून बघायला तयार आहेत. मॅगझिना चार आहेत, दिसायला सगळ्या सारख्या.

गडहिंग्लज_ईएमई

चारीवर मार्करनं आकडे घाला. अडकलं की वहीत लिहा : मॅगझिनचा नंबर, कितवी गोळी, फोटोत काय दिसलं, डब्यावरचा लॉट नंबर. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. मॅगझिन बदलली तर गोळ्या त्याच, गोळ्या बदलल्या तर मॅगझिन तीच. लोक एका रविवारी तेल, स्प्रिंग, गोळ्या सगळं बदलतात आणि पिस्तूल चाललं की देवाला नारळ फोडतात. कशानं चाललं ते देवालाच ठाऊक.

भरतानाही बघा. .२२ च्या काडतुसाला मागं कड असते. वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेच्या पुढं हवी. मागं राहिली तर वरची सुटताना खालचीला अडकते. पोरं गप्पा मारत भरतात तेव्हा हे होतं.

जुना_नेमबाज

गडहिंग्लजकरांशी सहमत. साफसफाईचं राहिलं ते मी लिहितो. .२२ ची गोळी उघडी शिशाची, वरून मेण. मेण, काजळी, न जळलेली दारू यांचा थर चेंबरमध्ये बसतो. नळी चकचकीत आणि चेंबर तसंच, हे मी शेकड्यानं पाहिलंय. चेंबरला ब्राँझचा ब्रश हातानं फिरवा, रॅम्प कापडानं पुसा, एक्स्ट्रॅक्टरचा आकडा टूथब्रशनं. मॅगझिन आतून कोरडी ठेवा. तिथं तेल घातलं की दोन सेशनमध्ये चिखल.

पावसाळ्यात आपल्याकडं उलटी पंचाईत. जुलैत पेटीतला फोम ओल धरतो आणि पिस्तूल गंजतं, म्हणून लोक तेलानं माखून ठेवतात. ठेवा, पण फायरच्या आधी चेंबर आणि बोल्टचं तोंड पुसून कोरडं करा. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या बदलत जा.

अजून एक. घरी ड्राय प्रॅक्टिस (गोळीविना सराव) करताना काही जण चेंबर मोकळं ठेवून पिन सोडतात. काही .२२ पिस्तुलांत ती पिन चेंबरच्या कडेवर आपटते आणि तिथं धातूचा उंचवटा तयार होतो. मग गोळी पुरती बसत नाही. क्लबच्या पिस्तुलात हे आधीच्या कुणीतरी करून ठेवलेलं असू शकतं. टॉर्च मारून चेंबरची कड बघा.

खाऊगल्ली

उंचवटा सापडला तर कानस मारायची का? आमच्या उद्यमनगरात नाही होत असं काम नाही.

वकील_शाहूपुरी

उद्यमनगराचा अभिमान आम्हालाही आहे, पण ही कानस तिथं नेऊ नका. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ मध्ये शस्त्र आणि दारूगोळा बनवण्याबरोबर दुरुस्तीही येते. त्याला परवाना लागतो. ज्याच्याकडं तो आहे अशा गनस्मिथकडं क्लबमार्फतच पाठवा, कागदासकट.

ऑस्टिनकर

मूळचा कागलचा, आता टेक्सासात. धागा वाचून राहवेना, कारण माझाही हाच ताप आहे. फक्त ९ मिमी, आणि काडतुसं मी स्वतः भरतो. इथं हँडलोडिंग रीतसर छंद आहे, दुकानात प्रेस, डाय, रिकाम्या पुंगळ्या, सगळं मिळतं.

गोल नाकाची गोळी भरत होतो तोवर एकदाही अडकलं नाही. मग स्वस्तात चपट्या नाकाच्या घेतल्या, लांबी तीच ठेवली. आता मधूनच स्लाइड पुरती बंद होत नाही, दोन-तीन मिलिमीटर उघडी राहते. फॅक्टरीच्या गोळ्यांवर पिस्तूल लोण्यासारखं चालतं. म्हणजे दोष माझ्या गोळ्यांत, एवढं कळलं. पुढं?

सातारा_ते_श्टुटगार्ट

ऑस्टिनकर, तुमचं उत्तर तुमच्याच वाक्यात आहे : "लांबी तीच ठेवली".

९ मिमीच्या काडतुसाची कमाल लांबी २९.६९ मिमी, पण ती सगळ्या गोळ्यांना चालेल असं नाही. चपट्या नाकाच्या गोळीचा खांदा बराच पुढं असतो. गोल नाक जिथं निमुळतं होतं तिथं ही अजून जाडच असते. लांबी तीच ठेवली की तो खांदा नळीतल्या रायफलिंगला (आतले पिळदार कंगोरे) जाऊन टेकतो आणि स्लाइड थांबते.

खात्री करायची असेल तर पिस्तूल रिकामं करून नळी बाहेर काढा. तुमचं काडतूस सोडा चेंबरमध्ये. टप्पकन आवाज येऊन बसलं पाहिजे, बोटानं गोल फिरलं पाहिजे, नळी उलटी केली की आपल्या वजनानं खाली पडलं पाहिजे. तीनपैकी एक जरी झालं नाही तर काडतुसाला काळ्या मार्करनं रंगवा आणि पुन्हा सोडा. शाई कुठं खरवडते ते बघा. गोळीवर खरवडली तर ती रायफलिंगला टेकतेय. पुंगळीच्या तोंडाशी खरवडली तर क्रिंप कमी, म्हणजे भरताना तोंड फुलवलेलं ते परत मिटलेलं नाही. बुडाशी खरवडली तर पुंगळी फुगलीय आणि रीसायझिंग डाय (पुंगळी परत मापात आणणारा साचा) पुरता खाली येत नाही.

ऑस्टिनकर

उत्तम. मग गोळी जरा आत दाबतो, संपलं.

सातारा_ते_श्टुटगार्ट

थांबा थांबा. इथंच लोक जखमी होतात. ९ मिमीच्या पुंगळीत जागा मुळात थोडी आणि दाब मोठा. गोळी थोडी आत गेली तरी आतली जागा कमी होते आणि दाब झपाट्यानं वाढतो. म्हणून लांबी कमी केली की दारूचं माप जुनंच ठेवायचं नाही. त्या नेमक्या गोळीचं मॅन्युअल उघडा, तिथं दिलेल्या सुरुवातीच्या मापावर परत या, आणि तिथून वर चढा. धाग्यावर कुणी ग्रेनचे (दारूच्या वजनाचे) आकडे मागू नयेत, मी देणार नाही.

मापावर परत आल्यावर कदाचित नवा प्रकार दिसेल : पुंगळी उभी अडकणं, नाहीतर स्लाइड शेवटच्या गोळीनंतर मागं न थांबणं. घाबरू नका, ते दारू हलकी असल्याचं लक्षण. ट्रकची स्प्रिंग बैलगाडीला लावल्यासारखं होतं ते. भरलेला मार आणि रिकॉइल स्प्रिंग एकमेकांना जुळावे लागतात.

आणि क्रिंप. ९ मिमीचं काडतूस चेंबरमध्ये पुंगळीच्या तोंडावर टेकतं. त्यामुळे टेपर क्रिंप, तोही फुलवलेलं तोंड सरळ होण्यापुरता. जोरात आवळलात तर तोंड आत वळतं, काडतूस हवं त्यापेक्षा आत जातं आणि पिनचा ठोसा हलका बसतो. भरलेलं काडतूस नाकावर धरून टेबलाच्या कडेला अंगठ्यानं दाबा. गोळी आत सरकली तर पुंगळीची पकडच ढिली आहे. तसं काडतूस रॅम्पवर आपटताना आत जाईल, आणि परत तोच दाबाचा खेळ.

जुना_नेमबाज

श्टुटगार्टकर, आमच्या काळात सेंटरफायरला (मधोमध पेट घेणाऱ्या काडतुसांच्या प्रकाराला) .३२ वॉडकटर (सपाट तोंडाची गोळी) असायची, तिचा काय अनुभव? मला ती कायम नखरेल वाटली.

सातारा_ते_श्टुटगार्ट

सर, तुम्ही दुखऱ्या नसेवरच बोट ठेवलंत. मी सध्या तीच खेळतो. .३२ एस अँड डब्ल्यू लाँग हे मुळात रिव्हॉल्व्हरचं काडतूस. त्यात सपाट वॉडकटर पुंगळीच्या तोंडाबरोबर बसवलेली, म्हणजे रॅम्पवर चढायला नाकच नाही. पुंगळीची कडच चढते. त्या कडेला एक पोचा असला तरी अडकतं. शिवाय मागं रिम (बाहेर आलेली कड). हे काडतूस सेमी-ऑटोमॅटिकमध्ये घालायचं पहिल्यांदा ज्याला सुचलं त्याला साष्टांग.

इथं आम्ही तोंडाला किंचित आत वळणारा रोल क्रिंप देतो, म्हणजे ९ मिमीच्या बरोबर उलट. त्यासाठी सगळ्या पुंगळ्या एका लांबीच्या लागतात. लांब पुंगळीला क्रिंप जास्त बसतो, आखूडला बसतच नाही. मी एका कंपनीच्या पुंगळ्या वेगळ्या ठेवतो, मापून कापतो, तोंड वेडंवाकडं दिसलं की फेकतो. कंटाळवाणं काम आहे, पण कागदावर सुंदर छिद्र पडतं. जर्मनीतही हे असंच करता येत नाही हं, स्फोटक कायद्याच्या कलम २७ खाली कोर्स करून परवानगी काढावी लागते. त्या कोर्सला मला माझ्या इंजिनिअरिंगपेक्षा जास्त अभ्यास पडला.

खाऊगल्ली

म्हणजे राजारामपुरीकर, तुम्हीपण घरी भरायला घ्या की.

वकील_शाहूपुरी

गंमत म्हणूनही नको. विनापरवाना दारूगोळा तयार करणं हा गुन्हा आहे आणि शिक्षा लहान नाही. ऑस्टिन आणि श्टुटगार्टचं तिथंच राहू दे.

गडहिंग्लज_ईएमई

आणि .२२ भरताच येत नाही. त्याचा बार कडेत असतो, पिन ती कड चेपते आणि पुंगळी बाद. तेव्हा आपल्या हातात भरणं नाही, निवडणं आहे. पाच-सहा जातींच्या गोळ्यांचा एकेक डबा चालवून पिस्तुलाला कुठली मानवते ते बघायचं आणि मग एकाच लॉटच्या घ्यायच्या. त्याच कंपनीच्या त्याच नावाच्या गोळीचा लॉट बदलला तरी वागणं बदलतं.

सातारकरांच्या बोलण्यात एक राहिलं. आवाज नेहमीपेक्षा बारका आला, "फुस्स" झालं, तर पुढची गोळी मारायची नाही. पिस्तूल रिकामं करा आणि नळीत डोकावायच्या ऐवजी रॉड घालून बघा. गोळी नळीत अडकलेली असेल आणि मागून दुसरी गेली तर नळी फाटते. आणि चाप ओढूनही बार झाला नाही तर पिस्तूल टार्गेटकडं धरून निदान अर्धा मिनिट थांबा, मगच उघडा.

राजारामपुरी_बारावी_गल्ली

मंडळी, वही भरली. लिहितो.

गोळी वाकडी होऊन अडकणं जवळजवळ सगळं ३ नंबरच्या मॅगझिनमध्ये. फोटोत नाक वर, चेंबरच्या वरच्या कडेला. बाकी तिन्ही मॅगझिना त्या बाबतीत स्वच्छ. १ आणि ३ शेजारी ठेवून व्हर्नियरनं ओठांमधलं अंतर मोजलं, ३ चं जास्त निघालं. डोळ्याला काही दिसत नव्हतं.

पुंगळी उभी राहणं मात्र चारींमध्ये, पण फक्त नव्या डब्यांत. लॉट नंबर बघितले, नवा लॉट क्लबनं अलीकडं उघडलेला. कपाटात जुन्या लॉटचे डबे उरले होते, त्यावर पिस्तूल चालतं. सरांनी नवा लॉट स्वतः फायर केला. त्यांच्या हातातही पुंगळी उभी राहिली. पोरगी मागं उभी होती. काही बोलली नाही, पण घरी येताना स्वतःहून रंकाळ्यावर भेळ मागितली.

चेंबरची कड टॉर्चनं बघितली, उंचवटा नाही. एक्स्ट्रॅक्टरखाली घाण बऱ्यापैकी निघाली. ती काढून नव्या लॉटचा एक डबा परत मारला, अडकणं कमी झालं पण गेलं नाही.

आता दोन प्रश्न. ३ नंबरचे ओठ पक्कडीनं दाबू का? आणि नव्या लॉटसाठी हलकी रिकॉइल स्प्रिंग टाकू का?

गडहिंग्लज_ईएमई

शाब्बास. अशी वही आमच्या वर्कशॉपात कुणी आणली असती तर मी चहा पाजला असता.

ओठ दाबू नका. एक बाजू जास्त जाते, मग दुसरी सारखी करायला जाता, आणि शेवटी मॅगझिन कुठल्याच कामाची राहत नाही. क्लबला सांगून नवी मागवा.

स्प्रिंग तर बिलकुल नको. हलकी टाकली तर नवा लॉट चालेल, पण जुन्या किंवा तेज गोळ्यांवर बोल्ट मागं जोरात आपटेल. आणि क्लबचं पिस्तूल आहे, उद्या दुसरा पोरगा तेच घेऊन वेगळ्या गोळ्या मारणार. जुन्या लॉटचे डबे स्पर्धेसाठी बाजूला काढा, तेवढे पुरतात का मोजा. नवा लॉट सरावात संपवा. त्यातल्या अडकण्यावर ताईंनी सांगितलं ते हात वर करायचं घटवून घ्या, फुकट सराव होतो.

पंचवीस_मीटर

अगदी. मी तर मुद्दाम मैत्रिणीला मॅगझिन भरायला देते आणि मध्येच एक डमी राउंड घालायला सांगते. कुठं थांबणार ते आपल्याला माहीत नसतं. सुरुवातीला माझा हात बोल्टकडंच जायचा, आता जात नाही.

ऑस्टिनकर

इकडचंही सांगतो. मार्करची शाई गोळीच्या खांद्यावर खरवडली, सातारकरांनी म्हटलं तसंच. भरलेली सगळी काडतुसं बाजूला काढली, पुलरनं उघडणार आहे. मॅन्युअलमध्ये या गोळीची लांबी वेगळीच दिलीय आणि सुरुवातीचं माप माझ्या मापाच्या बरंच खाली.

सातारा_ते_श्टुटगार्ट

आधी दारू न घालता, प्रायमर नसलेली दोन डमी त्या लांबीला बनवा आणि नळीत सोडून बघा. टप्प आवाज आला, फिरली, खाली पडली की मगच पुढं.

राजारामपुरी_बारावी_गल्ली

३ नंबरची मॅगझिन मग फेकायची का? क्लबच्या रजिस्टरला आहे.

गडहिंग्लज_ईएमई

फेकू नका. लाल टेप गुंडाळा, रजिस्टरला "फक्त डमी सराव" असा शेरा मारून घ्या, आणि स्पर्धेच्या पेटीत ती जाणार नाही एवढं बघा. ताईंच्या त्या डमीच्या खेळाला हीच वापरा.